पुनर्वसन समुपदेशनाचे शिक्षण: नागपूरच्या विद्यार्थ्याने कॉलेज कसे पारखावे

दिव्यांग व्यक्तीची क्षमता तपासणे, तिला झेपेल आणि आवडेल असे काम शोधणे, त्या कामासाठी तिची तयारी करून घेणे, मालकाशी बोलणे आणि नोकरी लागल्यानंतरही काही काळ तिच्या पाठीशी उभे राहणे, एवढे सगळे ज्याच्या वाट्याला येते त्याला व्यावसायिक पुनर्वसन समुपदेशक म्हणतात. माझ्या भाचीला पदवीनंतर हेच शिकायचे होते. मी नागपुरात प्रौढ बौद्धिक अक्षम व्यक्तींच्या कर्मशाळेत, म्हणजे त्यांना हाताची कामे शिकवणाऱ्या केंद्रात, नोकरी करते, त्यामुळे कॉलेजे पाहण्याचे, चौकशा करण्याचे आणि कागद तपासण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. गेल्या प्रवेशाच्या हंगामात आम्ही जे पाहिले त्याचे हे परीक्षण आहे. नेमक्या याच नावाची पदवी आम्हाला नागपुरात मिळाली नाही. मिळाले ते तिच्या जवळपास जाणारे निरनिराळे अभ्यासक्रम. त्यांच्यातला फरक माहितीपुस्तिका वाचून कळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगते. या शिक्षणाचे कॉलेज त्याच्या क्षेत्रकार्यावरून, म्हणजे वर्गाबाहेर जाऊन करायच्या प्रत्यक्ष कामावरून, निवडावे, आणि विद्यार्थ्याला विशेष शाळेत नेऊन बसवले की क्षेत्रकार्य झाले, असे जिथे मानले जाते ते कॉलेज या विषयासाठी अपुरे समजावे. दिव्यांगत्व समजणारी माणसे आपल्याकडे बऱ्यापैकी तयार होतात. कारखाना, गोदाम, दुकान किंवा हॉटेलचे स्वयंपाकघर आतून कसे चालते, तिथे सकाळची पाळी किती वाजता सुरू होते, सुपरवायझर कोणत्या गोष्टीवर चिडतो आणि कोणत्या गोष्टीकडे काणाडोळा करतो, हे समजणारी माणसे मात्र फार थोडी तयार होतात. समुपदेशकाला दोन्ही बाजू कळल्या नाहीत तर तो पालकांना धीर देऊ शकतो, पण मुलाला नोकरी मिळवून देऊ शकत नाही. गेली अनेक वर्षे मी ही उणीव रोज पाहते आहे, त्यामुळे कॉलेजांकडे मी याच नजरेने पाहिले.

पहिली पायरी तरीही कागदाचीच आहे. भारतीय पुनर्वसन परिषद, म्हणजे आरसीआय, १९९२ च्या कायद्याने स्थापन झाली आणि दिव्यांगांच्या पुनर्वसनात काम करणाऱ्या व्यावसायिकांची केंद्रीय नोंदवही तिच्याकडे असते. कोणत्या व्यावसायिकांना हा कायदा लागू होतो त्यांची यादी कायद्यातच दिलेली आहे, आणि श्रवणतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ व विशेष शिक्षक यांच्याबरोबर त्या यादीत दिव्यांगांसाठी काम करणारे व्यावसायिक समुपदेशक, रोजगार अधिकारी आणि नियुक्ती अधिकारी यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. नोंदणीशिवाय पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद कलम १३ मध्ये आहे. म्हणून कोणत्याही कॉलेजच्या कार्यालयात पहिला प्रश्न हाच विचारावा की या अभ्यासक्रमानंतर केंद्रीय नोंदवहीत नाव लागते का, आणि लागत असेल तर कोणत्या गटात. उत्तर तोंडी घेऊ नये. परिषदेची मान्यता संस्थेला सरसकट मिळत नाही. ती विशिष्ट अभ्यासक्रमाला, ठरावीक मुदतीसाठी आणि ठरावीक विद्यार्थिसंख्येसाठी मिळते. त्यामुळे मान्यतेच्या पत्रावर अभ्यासक्रमाचे नाव, वर्ष आणि जागांची संख्या या तीनही गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी वाचाव्यात आणि मग परिषदेच्या संकेतस्थळावरील यादीशी ताडून पाहाव्यात.

हे इतके ठासून सांगण्याचे कारण असे की एका खाजगी संस्थेत आम्हाला नेमका उलटा अनुभव आला. त्या संस्थेचे नाव मी इथे लिहीत नाही. पुनर्वसन समुपदेशनाचा सरकारमान्य अभ्यासक्रम, अशी त्यांची जाहिरात होती. आम्ही मान्यतेचे पत्र पाहायला मागितले तेव्हा बऱ्याच वेळाने एक छायाप्रत पुढे आली. ती विशेष शिक्षणाच्या पदविकेची होती आणि तिच्यावरची मुदत उलटून गेलेली होती. समुपदेशनाचा अभ्यासक्रम संस्थेने स्वतःच आखलेला होता आणि त्याचे प्रमाणपत्रही संस्थाच देणार होती. शुल्क मात्र मान्यताप्राप्त पदविकेसारखेच सांगितले गेले. शिवाय दिव्यांगांच्या पुनर्वसनाचे वर्ग एका व्यापारी संकुलाच्या दुसऱ्या मजल्यावर भरत होते आणि तिथे लिफ्ट नव्हती. चाकाच्या खुर्चीवरचा विद्यार्थी आला तर काय करता, असे भाचीने विचारले, त्यावर असा विद्यार्थी अजून आलेला नाही, असे उत्तर मिळाले.

त्याच संस्थेत आम्ही मागील तुकडीच्या प्रात्यक्षिकाच्या नोंदवह्या पाहायला मागितल्या. ही मागणी प्रत्येकाने आणि प्रत्येक कॉलेजात करावी, कारण माहितीपुस्तिकेतून जे कळत नाही ते या वह्यांतून कळते. दोन वह्या समोर आल्या. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच निळी शाई, एकाच बैठकीत लिहिल्यासारखे अक्षर, प्रत्येक भेटीखाली एकाच माणसाची एकसारखी सही आणि दोन्ही वह्यांत त्याच मुलाचे तेच वर्णन, तेही त्याच शब्दांत. खऱ्या क्षेत्रकार्याची वही अशी दिसत नाही. आमच्या कर्मशाळेत येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत शाई बदललेली असते, एखादे पान पावसात भिजून सुरकुतलेले असते, मार्गदर्शकाने समासात लाल पेनाने प्रश्न विचारलेले असतात, आणि एखाद्या दिवशी भेट झालीच नाही, पालक घरी नव्हते, एवढीच नोंद असते. अशा अपुऱ्या नोंदी दिसल्या की मला त्या कॉलेजबद्दल भरवसा वाटतो.

नागपुरात आम्हाला सर्वांत विश्वासार्ह वाटलेला मार्ग समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीचा, म्हणजे एमएसडब्ल्यूचा होता. या शहराला समाजकार्याच्या शिक्षणाची जुनी परंपरा आहे. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये उभ्या केलेल्या मातृसेवा संघाचे समाजकार्य महाविद्यालय आणि तिरपुडे समाजकार्य महाविद्यालय ही नावे विदर्भातल्या सामाजिक संस्थांमध्ये काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक असतात. दोन्हीकडची पदवी राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची मिळते. अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो आणि आठवड्यातले ठरावीक दिवस विद्यार्थी एखाद्या संस्थेत, म्हणजे त्यांच्या भाषेत एजन्सीत, क्षेत्रकार्यासाठी जातात. व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य आणि समुदाय संघटन या तीन पद्धती तिथे मन लावून शिकवल्या जातात, आणि पुनर्वसन समुपदेशकाला यांतली एकही पद्धत टाळता येत नाही. घरी जाऊन पालकांशी कसे बोलावे, माहिती घेताना घरच्यांना चौकशीचा जाच कसा होऊ देऊ नये, नोंद कशी लिहावी, या गोष्टी समाजकार्याचा विद्यार्थी ज्या सफाईने करतो तशी सफाई मला इतर शाखांच्या विद्यार्थ्यांत क्वचित दिसली.

या मार्गाची मोठी उणीवही सांगितली पाहिजे. एमएसडब्ल्यू झाल्याने पुनर्वसन परिषदेची नोंदणी आपोआप मिळत नाही. ती परिषदेने मान्य केलेल्या अभ्यासक्रमावरच मिळते. म्हणजे जिथे नोंदणी क्रमांकाची अट असते अशा पदांसाठी या पदवीनंतर आणखी एक मान्य अभ्यासक्रम करावा लागतो. दुसरे म्हणजे, दिव्यांग क्षेत्रातली एजन्सी मिळेलच अशी खात्री नसते. विद्यार्थी रुग्णालयात, शाळेत, वस्तीत किंवा महिलांच्या केंद्रात नेमला जाऊ शकतो आणि दोन वर्षे संपेपर्यंत एकाही दिव्यांग उमेदवारासोबत त्याचे काम झालेले नसते, असेही घडू शकते.

क्षेत्रकार्य चांगले असले म्हणजे काय घडते, हे आमच्याच कर्मशाळेतल्या एका उदाहरणावरून सांगते. समाजकार्याची एक विद्यार्थिनी आमच्याकडे नेमलेली होती. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका पॅकिंग युनिटने आमच्या एका मुलाला घेऊन पाहण्याची तयारी दाखवली, तेव्हा तिच्या मार्गदर्शकांनी तिला मुलाच्या आधी एकटीला तिथे पाठवले. ती दिवसभर एका कामगाराशेजारी वही घेऊन उभी राहिली. पुठ्ठ्याचा सपाट ताव उचलणे, चारही बाजूंचे पट दुमडणे, तळाला टेप लावणे, बारा पाकिटे मोजून भरणे, वरून टेप, बाजूला लेबल, आणि खोके उजवीकडच्या ढिगावर. एवढ्या पायऱ्या तिने लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे आमचा मुलगा ती करू शकतो की नाही याची खूण केली. हाताचे कोणतेही काम त्याला अवघड नव्हते, अडचण फक्त बारा मोजण्याची होती. पाच-सहाच्या पुढे त्याचा गोंधळ होतो, हे तिला कर्मशाळेतल्या निरीक्षणातून माहीत होते. आमच्या निदेशकांनी बारा खाचांचा एक लाकडी ट्रे करून दिला. सगळ्या खाचा भरल्या की पाकिटे खोक्यात उलटायची. मोजायची गरजच उरली नाही. सुपरवायझरांची तक्रार वेगाबद्दल होती आणि ती रास्त होती, त्यामुळे पहिले काही आठवडे त्याला मुख्य लाइनवर न बसवता बाजूच्या टेबलावर बसवायचे ठरले. मग आणखी एक गोष्ट पुढे आली जी कोणाच्याही लक्षात आली नव्हती. पाळी सकाळी सातला सुरू होत होती आणि त्याच्या वस्तीतून त्या वेळेला पोहोचवणारी ‘आपली बस’ या शहर बससेवेची फेरीच नव्हती. विद्यार्थिनीने युनिटमध्ये विचारपूस करून त्याच रस्त्याने दुचाकीवरून येणारा एक कामगार शोधला आणि दोन्ही घरांची बोलणी करून दिली.

व्यावसायिक पुनर्वसनाचे जवळपास सगळे शिक्षण या एका प्रसंगात आहे. कामाचे विश्लेषण, क्षमतेशी त्याची जुळणी, कामाच्या जागी करायचा वाजवी बदल, मालकाच्या हिताचा विचार आणि नोकरी टिकवणाऱ्या बाहेरच्या गोष्टींची काळजी, हे सारे त्यात आले. कॉलेजात चौकशीला जाल तेव्हा प्राध्यापकांना विचारावे की तुमच्या विद्यार्थ्याने गेल्या वर्षी असे एखादे कामाचे विश्लेषण केले आहे का आणि ते आम्हाला वाचायला मिळेल का. एका कॉलेजात मॅडमनी कपाट उघडून लगेच दोन अहवाल काढून दिले. इतर ठिकाणी प्रश्न नीट समजावून सांगावा लागला.

आणखी एक प्रश्न मी सगळीकडे विचारला. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आहेत, सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखीव आहेत, खाजगी मालकांच्या मनुष्यबळात किमान ५ टक्के दिव्यांग असावेत म्हणून त्यांना प्रोत्साहन देण्याची तरतूद आहे, आणि प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर केले पाहिजे असेही त्यात म्हटले आहे. पहिल्या तीन गोष्टी विद्यार्थ्यांना पाठ असतात, परीक्षेत त्या विचारल्या जातात. पण बुटीबोरी किंवा मिहान या नागपूरजवळच्या औद्योगिक भागांतल्या एखाद्या कंपनीचे समान संधी धोरण मागवून वर्गात वाचले आहे का, त्यात कोणती पदे दिव्यांगांसाठी योग्य म्हणून दाखवली आहेत ते पाहिले आहे का, असे विचारले की बहुतेक ठिकाणी शांतता होती. खरे तर नियमांप्रमाणे वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खाजगी आस्थापनेने अशी पदे धोरणात नमूद करायची असतात आणि संपर्क अधिकारीही नेमायचा असतो. एचआरच्या माणसासमोर बसताना समुपदेशकाच्या हातात हाच कागद असला पाहिजे. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली आहे. त्यांच्यासाठी मालकाशी बोलणारा माणूस शिकवायचा तर हे कागद वर्गात आलेच पाहिजेत.

मानसशास्त्राच्या मार्गाबद्दल थोडक्यात सांगते. विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग आणि शहरातली काही कॉलेजे यांच्याकडे पदव्युत्तर शिक्षण मिळते आणि चाचण्यांचे शास्त्र तिथे उत्तम शिकवले जाते. बुद्धिमापन, अभिक्षमता आणि व्यावसायिक अभिरुची यांच्या चाचण्या समुपदेशकाला याव्याच लागतात. मात्र बोलता न येणाऱ्या किंवा कधीही शाळेत न गेलेल्या तरुणाला कागदावरची अभिरुची चाचणी देऊन काही हाती लागत नाही. त्याला प्रत्यक्ष कामाचे नमुने करायला देऊन पाहावे लागते, आणि हे तंत्र मानसशास्त्राच्या वर्गात सहसा येत नाही. घरबसल्या ही पदवी घेण्याच्या विचारात असलेल्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्यसेवेशी संबंधित अभ्यासक्रम दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने देण्यास मनाई केली आहे. कोणी अजूनही असा नवा प्रवेश देऊ करत असेल तर पैसे भरू नयेत.

विशेष शिक्षणाची पदविका किंवा बीएड हा तिसरा मार्ग. त्यात नोंदणीचा प्रश्न सुटतो, पण शिक्षण मुख्यतः वर्गातल्या अध्यापनाचे असते आणि अठरा वर्षांनंतरच्या आयुष्याला त्यात फार कमी जागा मिळते. भाचीला शिक्षिका व्हायचे नव्हते, म्हणून आम्ही तो विचार लवकर सोडला.

नागपूरबाहेरच्या पर्यायांत सिकंदराबादच्या राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचा विचार आम्ही सर्वांत गंभीरपणे केला. ही केंद्र सरकारची संस्था १९८४ पासून काम करते आहे आणि बौद्धिक अक्षमतेच्या क्षेत्रातील व्यावसायिक पुनर्वसनाची पदविका हा परिषदेच्या यादीतला अभ्यासक्रम तिथे चालत आला आहे. आमच्या कामाच्या सर्वांत जवळचा अभ्यासक्रम हाच वाटला. तो पदविकेच्या पातळीचा आहे आणि एकाच प्रकारच्या दिव्यांगत्वापुरता आहे, ही त्याची मर्यादा. अस्थिव्यंग असलेल्या किंवा अंध उमेदवारांसोबत काम करायचे असेल तर तो पुरेसा नाही. नागपूरहून सिकंदराबाद रात्रीच्या गाडीने गाठता येते, ही विदर्भातल्या पालकांच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीत दिव्यांगत्व अभ्यास आणि कृती ही स्वतंत्र शाखा चालवली आहे. हक्क, धोरण आणि समाजाची दृष्टी यांचे जे शिक्षण तिथे मिळते ते नागपुरात मिळत नाही, हे मान्य केले पाहिजे. प्रवेशासाठी देशभरातून चुरस असते आणि मुंबईत राहण्याचा खर्च वेगळा. ज्याला पुढे धोरणाच्या किंवा संशोधनाच्या कामात जायचे आहे त्याने तिथला प्रयत्न जरूर करावा. वांद्र्याची अली यावर जंग संस्थाही राष्ट्रीय दर्जाची आहे, पण तिचा भर वाचा आणि श्रवण यांवर आहे. केवळ नाव मोठे म्हणून या विषयासाठी तिथे अर्ज करण्यात अर्थ नाही. लखनौचे डॉ. शकुंतला मिश्रा राष्ट्रीय पुनर्वास विद्यापीठ आणि तिरुचिरापल्लीच्या होली क्रॉस कॉलेजचा पुनर्वसन विज्ञान विभाग यांची चौकशी आम्ही केवळ कागदावर केली, म्हणून त्यांच्याबद्दल मत देत नाही.

अमेरिकेबद्दल विचारणा करणारे पालक हल्ली भेटतात, कारण या विषयाची पदव्युत्तर पदवी तिथे खरोखर याच नावाने मिळते. तिथला इतिहास जुना आहे. नागरी व्यावसायिक पुनर्वसनाचा पहिला केंद्रीय कायदा १९२० मध्ये झाला आणि १९५४ च्या दुरुस्तीने समुपदेशकांच्या विद्यापीठीय शिक्षणासाठी निधीची सोय झाली. या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी कोर (CORE) ही परिषद १९७२ मध्ये निघाली आणि १ जुलै २०१७ रोजी ती काक्रेप (CACREP) या समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेत विलीन झाली, म्हणून आज तिथले विद्यापीठ निवडताना काक्रेपची मान्यता पाहावी. त्या मान्यतेच्या निकषांत १०० तासांचे प्राथमिक प्रात्यक्षिक आणि ६०० तासांची इंटर्नशिप येते, आणि या ६०० तासांपैकी २४० तास प्रत्यक्ष व्यक्तींसोबतच्या कामाचे असावे लागतात. हे आकडे मी वहीत लिहून ठेवले आणि नागपुरातल्या प्रत्येक कॉलेजला विचारले की तुमच्या विद्यार्थ्याचे प्रत्यक्ष उमेदवारासोबतचे तास किती होतात. एकूण क्षेत्रकार्याचे तास सगळे सांगतात; समोरासमोरच्या कामाचे तास वेगळे मोजण्याची पद्धत आपल्याकडे रुजायला हवी.

तिकडे जाण्याचा सल्ला मात्र मी देणार नाही. या विषयासाठी तिथले केंद्र सरकार ज्या शिष्यवृत्त्या देते त्या नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठी आहेत, आणि शिष्यवृत्तीच्या दर वर्षामागे दोन वर्षे या क्षेत्रात नोकरी करण्याचे बंधन ती घेणाऱ्यांवर असते. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्याला सगळा खर्च कर्ज काढून करावा लागतो. शिकवलेला कायदा तिथला, राज्यांच्या पुनर्वसन यंत्रणा तिथल्या, नोकरी किमान ९० दिवस टिकल्यावरच उमेदवाराचे प्रकरण यशस्वी म्हणून बंद करण्याचा नियमही तिथला. परत येऊन हिंगण्याच्या कारखान्यात बोलायला सुरुवात करायची तर पुष्कळसे नव्याने शिकावे लागेल. तरीही जायचेच असेल, तर त्या पदवीवर भारतात नोंदणी मिळेल का, हे निघण्यापूर्वीच पुनर्वसन परिषदेकडून लेखी घ्यावे.

नागपुरात राहून शिकण्याचा एक लाभ माहितीपुस्तिकेत कुठेच लिहिलेला नसतो. क्षेत्रकार्याला लागणाऱ्या जागा या शहरात आणि आसपास भरपूर आहेत. दिव्यांगजनांसाठीचे केंद्र सरकारचे संयुक्त क्षेत्रीय केंद्र इथे आहे. शंकरनगरची मूकबधिर औद्योगिक संस्था आहे, अंधांसाठी काम करणारी जुनी संस्था आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि एम्स आहे. शंभरेक किलोमीटरवर वरोऱ्याला आनंदवन आहे, जिथे बाबा आमटे यांनी उभ्या केलेल्या कामात संधिनिकेतन ही दिव्यांगांना व्यवसाय शिकवणारी कर्मशाळा आहे. जरा दूर, जबलपूरला आणि मुंबईला, केंद्रीय श्रम मंत्रालयाची दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय करिअर सेवा केंद्रे आहेत. पूर्वी त्यांना व्यावसायिक पुनर्वसन केंद्र म्हणत आणि मुंबईचे केंद्र १९६८ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन केंद्रांपैकी एक आहे. उमेदवाराचे मूल्यमापन कामाच्या नमुन्यांवरून कसे करतात हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर अशा केंद्रात काही आठवडे घालवण्यासारखा दुसरा उपाय नाही. कॉलेज आपल्या विद्यार्थ्यांना ब्लॉक प्लेसमेंटसाठी, म्हणजे सलग काही आठवड्यांच्या क्षेत्रकार्यासाठी, तिथे पाठवायला तयार आहे का, हे प्रवेशापूर्वी विचारावे. आम्ही विचारले तेव्हा एका कॉलेजने याआधी कोणी मागणी केली नव्हती असे सांगितले आणि पत्र देण्याची तयारी दाखवली. ही तयारी मला इमारतीपेक्षा आणि निकालाच्या टक्केवारीपेक्षा मोलाची वाटली.

भाचीने शेवटी नागपुरातच एमएसडब्ल्यूला प्रवेश घेतला आहे आणि त्यानंतर परिषदेची मान्यता असलेली पदविका करायचे ठरवले आहे. यात एकूण वर्षे वाढतात, आणि ज्या घराला मुलीच्या कमाईची लवकर गरज आहे त्यांना हा मार्ग परवडेल असे मी म्हणणार नाही. त्यांनी आधी नोंदणी देणारी पदविका करून नोकरी धरावी आणि पुढचे शिक्षण नंतर घ्यावे. विद्यार्थी स्वतः दिव्यांग असेल तर शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात, त्यासाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र, आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र अर्जाच्या वेळीच तयार ठेवावे. लेखनिक आणि जादा वेळ यांची सोय कोण पाहते त्या कर्मचाऱ्याला प्रत्यक्ष भेटून यावे.

क्षेत्रकार्याच्या एजन्सींचे वाटप सत्र सुरू झाल्यावर लगेच होते आणि एकदा यादी लागली की बदल करणे प्राध्यापकांनाही अवघड जाते. म्हणून ज्यांना दिव्यांग क्षेत्रच हवे आहे त्यांनी आपली पसंती प्रवेशाच्या दिवशीच अर्जाद्वारे क्षेत्रकार्य प्रमुखांकडे द्यावी, तीत संस्थेचे नाव आणि कोणत्या वयोगटासोबत काम करायचे आहे हेही लिहावे, आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घालून घ्यावा.